डागाळलेल्या लेबलाची वाईन

ठाण्याच्या एका वाईन शॉपच्या काउंटरवर मी बावीस वर्षं काढली आणि त्यातली निदान पंधरा वर्षं डोंबिवलीतल्या आमच्या चाळीत मी औषधांच्या दुकानात आहे असं सांगत होतो. चाळीतली माणसं भली होती, कुणी खोलात शिरलं नाही. फक्त शेजारच्या काकू अधूनमधून खोकल्याचं औषध आणायला सांगायच्या. मग मी ते डोंबिवली स्टेशनजवळच्या दुकानातून घ्यायचो, स्वतःच्या खिशातले दोन रुपये घालून किंमत कमी सांगायचो आणि ‘आम्हाला सवलत मिळते’ म्हणून त्यांना द्यायचो. सवलत दिल्याचं खोटं समाधान मला अजून आठवतं.

या अंकाच्या संपादकबाई परवा घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, गिऱ्हाइकांचे किस्से लिहा. किस्से पुष्कळ आहेत. लिहायला बसलो की मात्र एकच गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहतं आणि बाकीच्यांना आत येऊ देत नाही. त्याच्याबद्दल मी आजवर बायको सोडून कुणाला सांगितलेलं नाही, आणि तिलाही सगळं सांगितलेलं नाही.

आधी धंदा समजून घ्या. दुकानावर पाटी ‘वाईन्स’ अशी असली तरी त्या काळात, म्हणजे ऐंशीनंतरच्या वर्षांत, आत वाईन जेमतेम दोन फळ्या असायची. बाकी सगळी रम, व्हिस्की आणि बियर. वाईन मागायला येणारे लोक निराळे. बाळंतिणीच्या अंगात रक्त भरावं म्हणून गोड पोर्ट वाईन न्यायला आलेला एखादा घामाघूम नवरा. नाताळाच्या आधी येणारी ठाण्यातली जुनी ख्रिस्ती कुटुंबं. एक शाळामास्तर दर महिन्याला ‘केकमध्ये घालायला’ एक बाटली न्यायचे. ते राहत होते एकटे, आणि त्यांच्या खोलीत साधा स्टोव्ह होता हे मला ठाऊक होतं. मी दोन वर्तमानपत्रांत गुंडाळून द्यायचो आणि केक कसा झाला होता हे दर वेळी न चुकता विचारायचो. तेही न चुकता ‘छान फुगला’ म्हणायचे.

आमचे शेठ वाईनच्या दोन फळ्यांकडे बघतसुद्धा नसत. त्या माझ्या होत्या. याचं कारण माझं नाक. दुकानात येण्याआधी मी कोलशेतला एका इसेन्सच्या कारखान्यात होतो. गोळ्या, सरबतं, आइसफ्रूट यांत घालायचे केळ्याचे, रासबेरीचे, गुलाबाचे अर्क आम्ही बनवत होतो. प्रयोगशाळेत दिवसभर कागदाच्या पट्ट्या बुडवून हुंगायच्या आणि कालच्या घाण्यात आणि आजच्या घाण्यात काय फरक पडला ते सांगायचं, हे माझं काम. नऊ वर्षं मी तेच केलं. मग संप झाला, मग टाळं लागलं, आणि ते टाळं निघालंच नाही. माझ्याबरोबरचे कुणी रिक्षा चालवू लागले, कुणी गावाला गेले. मी दारूच्या दुकानात लागलो. घरून डब्याबरोबर नाक तेवढं घेऊन निघत होतो म्हणा.

त्या नाकाने मला एक गोष्ट शिकवली. वाईनच्या किमतीत बाटली, लेबल, वाहतूक आणि सरकारचा कर यांचाच मोठा वाटा असतो. आतल्या द्राक्षाच्या रसाला त्या मानाने फार थोडं मिळतं. म्हणून स्वस्तात चांगली वाईन हवी असेल तर जिथे बाहेर काहीतरी बिघडलंय आणि आत काही बिघडलेलं नाही असा माल शोधायचा. कारखाना बंद पडला, लेबल चुकीचं छापलं गेलं, खोकी भिजली. असा माल कल्याणच्या ठोक व्यापाऱ्याच्या गोदामात पडून असायचा. आठवड्यातून एकदा मी तिथे जायचो. पत्र्याखालची वरची खोकी सोडून द्यायची, कारण उन्हाळ्यात ती भाजून निघतात. भिंतीलगतचं, अगदी तळाचं खोकं काढायचं. बाटली ट्यूबलाइटसमोर धरून मानेत रस किती वर आहे ते बघायचं. खाली गेला असेल तर बुचातून हवा शिरली. मग एक उघडून वास घ्यायचा. ओल्या गोणपाटाचा आला तर ठेवून द्यायची. यात फार मोठं शास्त्र नाही, पण ठाणे-कल्याणात हे करणारा दुसरा कुणी नव्हता, आणि मला त्याचा गर्व होता. हा गर्व लक्षात ठेवा असं मी मुद्दाम सांगतो आहे.

गोमतीबाई दुकानात पहिल्यांदा आली ती दुपारी दोनच्या सुमाराला, मासे विकून झाल्यावर. कळव्याच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातली ही बाई मार्केटच्या कोपऱ्यावर बसायची. रिकामी टोपली दुकानाच्या पायरीवर ठेवून ती सरळ काउंटरशी आली. बायका सहसा पोर्ट वाईन मागतानासुद्धा आधी रस्त्यावर दोन्हीकडे बघून घेत. हिने तसलं काही केलं नाही.

तिचं म्हणणं थोडक्यात असं होतं. तिचा नवरा जनार्दन, सगळे त्याला जना म्हणत, रोज हातभट्टीची तीन ग्लास घेतो. खाडीत मासळी राहिली नाही, जी मिळते तिला रॉकेलचा वास येतो, त्यामुळे होडी पडून आहे आणि माणूसही पडून आहे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलंय की लिव्हर सुजलंय, ही भट्टीची अशीच चालू राहिली तर वर्ष काढणार नाही, आणि त्याआधी डोळे जातील. सोडायला तो तयार नाही. शपथा झाल्या, देवऋषी झाला. दुकानची रम आणून दिली तर ती संपवून वर भट्टीवर जाऊन येतो.

“मना आसं काय तरी दे भाऊ,” ती म्हणाली, “का त्यानं तेच पिवावं आन् तिकरं जाऊ नये. तिकरं नऊ रुपये जातान. तेवऱ्यातच बसाला पायजे.”

मी तिला डॉक्टरने सांगितलंय तर बंदच करायला हवी वगैरे बोललो. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं. सोडवणं तिच्या हातात नाही हे तिने मान्य केलं होतं. त्याला जिवंत ठेवेल असं काहीतरी तिला हवं होतं. दारूच्या दुकानात येऊन असं गाऱ्हाणं कुणी घालेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी ते काम अंगावर घेतलं. चांगुलपणा त्यात होता, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर मला ते कोडं आवडलं. नऊ रुपयांत भट्टीच्या तीन ग्लासांची जागा घेईल अशी वाईन शोधायची होती. कमी कडक असूनही माणसाला पुरून उरेल, जेवणाबरोबर हळूहळू प्यावी लागेल आणि भट्टी पिऊन मेलेल्या जिभेला तिची चव कळेल अशी ती हवी होती.

पहिल्यांदा गोड पोर्ट दिली. दुसऱ्या दिवशी गोमतीबाई म्हणाली, त्याने थुंकली, औषध आहे म्हणाला. पांढरी दिली, तर पाणी म्हणाला. दोन-तीन आठवडे असे गेले आणि तो भट्टीवर जातच होता. मग कल्याणच्या गोदामात मला तो माल सापडला.

देशावरचा कुठलासा छोटा कारखाना दोन-तीन वर्षांतच बुडाला होता, त्याची ही शेवटची खोकी. पावसाळ्यात गोदामात पाणी शिरलं तेव्हा खालची भिजून सगळ्या लेबलांवर तपकिरी डाग पडले होते. लाल, अजिबात गोड नसलेली वाईन. त्या काळी असल्या वाईनला ठाण्यात कुणी हात लावत नसे, लोक आंबली म्हणून परत आणायचे. मी एक उघडली. जांभळाच्या सालीचा तुरटपणा, लोखंडी कढईतल्या भाजीसारखा कस, आणि गिळल्यावर मागे भाजलेल्या चिंचोक्यासारखं काहीतरी बराच वेळ राहत होतं. मी तिथेच गोणीवर बसलो. व्यापाऱ्याला जागा रिकामी करून हवी होती. त्याने जो भाव सांगितला त्यात बाटली अठरा रुपयांना विकूनही शेठना दोन पैसे सुटत होते. एक बाटली दोन दिवस. नऊ रुपयांत बसत होतं.

गोमतीबाईने पहिली बाटली नेल्यावर चौथ्या दिवशी दुपारी जना स्वतः आला. उंच, काळा, पोट सुजलेलं, डोळे पिवळे. पायरीवर उभा राहून त्याने मला नीट न्याहाळलं.

“ती वाईन तू शोधलीस?” त्याने विचारलं. मी हो म्हणालो. “तिला घाई करता येत नाय,” तो म्हणाला आणि आणखी एक बाटली घेऊन गेला.

वाईनची इतकी नेमकी स्तुती मी नंतर मोठमोठ्या लोकांकडूनही ऐकली नाही. त्या दिवसापासून दीड वर्षाच्या वर जना भट्टीवर गेला नाही. तो बरा झाला असं मी म्हणणार नाही, लिव्हर गेलेलं ते गेलेलंच होतं. पण सूज उतरली, जेवण जाऊ लागलं, तो जाळी विणायला बसू लागला. दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करून चार पैसे आणू लागला. दवाखान्यातल्या डॉक्टरने गोमतीबाईला विचारलं म्हणे, कुठलं औषध चालू केलंस.

एक दिवसाआड तो दुकानावर यायचा, रिकामी बाटली परत आणायचा आणि भरलेली न्यायचा. दुपारी गिऱ्हाईक नसे. तो पायरीवर बसायचा, मी काउंटरच्या आत. त्याने जन्मात शाळा पाहिली नव्हती, पण जीभ अशी की माझ्या नऊ वर्षांच्या नोकरीची मला लाज वाटावी. एकदा बाटली परत करताना म्हणाला, ही उन्हात उभी होती. मी तपासलं. खरंच, आदल्या आठवड्यात मी काचेच्या कपाटात शोभेला ठेवलेली बाटली त्याच्याकडे गेली होती. तो म्हणायचा, पाणी तोंडात घेऊन भरती कुठवर आलीय ते कळलं पाहिजे, नाहीतर खाडीत जाऊच नये. कोलशेतच्या कारखान्यांचं पाणी जिथे खाडीला मिळतं तिथली गोडसर चव त्याला माहीत होती. ती गोडसर चव कशाची हे मला माहीत होतं. आमची पिंपं आम्ही तिथेच धूत होतो. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं की केळ्याचा वास तुमचाच का. मी हो म्हणालो. तो हसला, पण फार नाही.

आता राजाध्यक्ष साहेबांबद्दल सांगतो. पाचपाखाडीत नव्या इमारतीत राहणारे, एका मोठ्या कंपनीत मॅनेजर, परदेशात राहून आलेले. आमच्या दुकानात वाईनबद्दल वाईनसारखं बोलणारे ते एकटेच. गाडी बाहेर उभी करून ते आत यायचे, ‘काय पराडकर, काय नवीन’ विचारायचे, आणि मी बाकीची गिऱ्हाइकं सोडून त्यांना बाटल्या दाखवायचो. मला त्यांचं येणं किती महत्त्वाचं वाटत होतं ते आज लिहितानाही अवघड वाटतं. चाळीत मी औषधवाला होतो, शेठच्या लेखी काउंटरवरचा माणूस. माझ्या नाकाची किंमत कळणारा शिकलेला माणूस एवढा एकच होता. जनाला ती कळत होती, पण जनाचं कळणं मी धरतच नव्हतो.

डागाळलेल्या लेबलाचा माल संपत आला तेव्हा मी शेवटचं खोकं, बारा बाटल्यांचं, काउंटरखाली सरकवून ठेवलं होतं. ते जनाचं होतं. चोवीस दिवसांची बेगमी. तेवढ्यात काहीतरी दुसरं शोधायचं असं मी ठरवलं होतं, आणि कल्याणला दोन फेऱ्या मारूनही आलो होतो. निवडणूक जवळ आली होती. मतदानाच्या वेळी आणि मोजणीच्या दिवशी दुकान बंद राहणार होतं, त्यासाठीही ते खोकं राखून ठेवलेलं होतं.

राजाध्यक्ष साहेब आले ते नेमके त्याच आठवड्यात. त्यांच्या घरी पाहुणे येणार होते, दिल्लीहून, वाईन समजणारे. मी त्यांना दोन-चार बाटल्या दाखवल्या. त्यांना काही पटेना. आणि मग मला राहवलं नाही. खोक्यातली एक बाटली मी उघडली आणि त्यांना थोडी ओतून दिली, नुसती चव बघायला. माझ्याकडे काय होतं ते त्यांना कळावं, एवढंच.

त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले. लेबलवरचा डाग बघितला आणि हसले. “पराडकर,” ते म्हणाले, “ही जर मी नाव झाकून वाढली ना, तर पाहुणे परदेशी समजतील. तुम्ही इथे काय करताय? किती आहेत?”

मी म्हणालो, अकरा आहेत, पण त्या राखून ठेवल्यात. कुणासाठी, असं त्यांनी विचारलं. कळव्याच्या एका कोळ्यासाठी, जो एरवी भट्टीची पितो आणि ही नसेल तर तिकडे जाईल, एवढंच सांगायचं होतं. साहेब वाईट नव्हते. त्यांनी तेव्हाच्या तेव्हा नाद सोडला असता, कदाचित मला शाबासकीही दिली असती. पण आपण शोधून काढलेली इतकी चांगली वाईन आपण कुणाला पाजतो हे त्यांना सांगायची मला लाज वाटली. मी म्हणालो, तसं खास कुणी नाही. आणि अकराच्या अकरा बाटल्या त्यांच्या गाडीत ठेवून आलो.

यावर मी जे केलं ते त्याहून वाईट. सुट्टीच्या दिवशी दुपारी डोंबिवलीच्या घरी, ओट्यावर, मी ती वाईन बनवली. जनानेच परत केलेल्या रिकाम्या बाटल्या माझ्याकडे होत्या, डागाळलेल्या लेबलांच्या. एक साधी लाल वाईन घेतली. तुरटपणासाठी चहाचा कडक अर्क केला, आंबटपणासाठी आमसुलं भिजवली, आणि कारखाना सुटताना आणलेल्या जांभळाच्या इसेन्सच्या बाटलीतले थेंब मोजून टाकले. आठ वेळा चव घेतली, आठ वेळा बदललं. बायकोने विचारलं, हे कुणासाठी. मी म्हणालो, एका गिऱ्हाइकासाठी. “त्याला सांगणार आहात का?” तिने विचारलं. मी पुढचा थेंब मोजला. खरं तर मला ते करताना मजा येत होती. कित्येक वर्षांनी मी माझं काम करत होतो, आणि ते छान जमलं होतं. मला स्वतःला फरक कळेना.

विषारी काही त्यात नव्हतं, हे मी स्वतःला बजावलं. चहा आणि आमसूल. जनाची सोय होईपर्यंत चार-सहा बाटल्या चालतील, त्याला कळणार नाही, तोवर मला दुसरा माल मिळेल. त्याला कळणार नाही असं मला का वाटलं असेल? उन्हात उभी राहिलेली बाटली ज्याने ओळखली त्याला?

मतदानाच्या आठवड्यात जना आला आणि दुकान बंद राहणार म्हणून एकदम दोन बाटल्या घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला. एक बाटली उघडलेली, जेमतेम पेलाभर कमी झालेली, दुसरी तशीच. दोन्ही त्याने काउंटरवर ठेवल्या. मी म्हणालो, काय झालं, नवा माल आहे, थोडा वेगळा लागेल.

“याला च्याचा वास हाय,” तो म्हणाला. “आन् आमसूल. रंग बरा केलास.”

मी काहीतरी बोलू लागलो. त्याने मला बोलू दिलं नाही, पण आवाजही चढवला नाही.

“संपली आसती तं संपली सांगाचं, भाऊ. मी काय तुला माराला आलो आसतो?”

तो पायरीवर बसला नाही. मी मागून हाक मारली, अरे जना, थांब, दुसरी काहीतरी देतो. तो रस्ता ओलांडून गेला. तेव्हाही मी त्याच्यामागे गेलो नाही, कारण काउंटर सोडून जाता येत नव्हतं, असं मी म्हणत आलोय. दुपारी दोन वाजता दुकानात एक गिऱ्हाईक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद. मतदान झालं, मोजणी झाली. त्या काळात सगळी दुकानं बंद असली की भट्टीवाल्यांची दिवाळी. माल कमी पडायला लागला की ते काय वाटेल ते मिसळतात. या वेळी कुणीतरी कारखान्यातलं स्पिरिट मिसळलं होतं. इसेन्सच्या कारखान्यात आम्ही ते वापरायचो. पिंपांवर कवटीचं चित्र असायचं आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशीच सांगितलं जायचं की याने आधी डोळे जातात.

दुकान उघडलं त्या सकाळी शेजारच्या पानवाल्याने सांगितलं. कोळीवाड्यातली चार माणसं गेली होती. नावं त्याला माहीत नव्हती, पण एक तुमच्या पायरीवर बसायचा तो, असं म्हणाला. मी शटर अर्धं वर केलं होतं. ते तसंच धरून उभा राहिलो. शेठनी विचारलं, कुणी ओळखीचं होतं का. मी म्हणालो, गिऱ्हाईक होतं.

मी त्याच्या घरी जायला हवं होतं. गेलो नाही.

गोमतीबाई आठव्या दिवशी आली. टोपली नव्हती. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं. सकाळी उठला तो दिसत नाही म्हणाला, हाताने भिंत चाचपत होता. रिक्षात घालून दवाखान्यात नेला, दुपारपर्यंत संपला. ती रडत नव्हती. रागावलेलीही नव्हती, आणि मी तर रागाचीच वाट बघत होतो. उलट तिने माझे आभार मानले. दीड वर्ष माणूस घरात माणसासारखा होता, ते तुझ्यामुळे, असं म्हणाली.

“त्यानं सांगितलं मना, भाऊंकडची संपली. म्हनला, तू नको जाऊ इचाराला, भाऊंना वाईट वाटल.”

म्हणजे चहा आणि आमसुलाबद्दल त्याने बायकोला सांगितलं नव्हतं. मला झाकलं होतं. सगळं सांगून टाकावं असं वाटत होतं, आणि मी फडक्याने काउंटर पुसत होतो.

तिला एक बाटली हवी होती. दहाव्याला माणसाच्या आवडीचं जे असेल ते त्याच्या नावाने ठेवायचं असतं. “कुठं एक तरी निघल का रं ती?” तिने विचारलं. “डागाची. दुसरी नको.”

मी बघतो म्हणालो. उद्या ये म्हणालो. नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्या माणसासाठी आता एवढं एकच करण्यासारखं उरलं होतं, आणि ते मला करायचं होतं. दुसरं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी मी राजाध्यक्ष साहेबांच्या घरी गेलो. साहेबांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. मी म्हटलं, त्या दिवशीच्या वाईनची एखादी बाटली उरली असेल तर मला परत हवी होती. पैसे देतो.

“अहो, एखादी कसली,” ते हसून म्हणाले. “दोन उघडल्या, नऊ तशाच आहेत. पाहुण्यांना काही रुचली नाही, आंबट आहे म्हणाले. शेवटी व्हिस्कीच काढली. घेऊन जा सगळ्या.”

ते मला मागच्या बाल्कनीत घेऊन गेले. पश्चिमेची बाल्कनी. कुंड्यांच्या शेजारी नऊ बाटल्या उन्हात ओळीने उभ्या होत्या. मी एक उचलली. बाकीच्या उचलायला हात पुढे होईना. चहा न घेताच निघालो.

दुसऱ्या दिवशी गोमतीबाई आली तेव्हा मी बाटली काढून काउंटरवर ठेवली. वर्तमानपत्राचा कागदही फाडून तयार ठेवला होता. तिने बाटली उचलली, डागावरून अंगठा फिरवला, मान उजेडाकडे धरून रस कुठवर आहे ते पाहिलं. ते बघायला तिला जनानेच शिकवलं असणार. बुचाला हात लागलेला नव्हता.

“मंग होती,” ती म्हणाली.

मी होती म्हणालो. बाटली साहेबांकडून आणली, माझ्याकडे नव्हती, असं काहीही सांगता आलं असतं आणि त्यातलं थोडं खरंही होतं. पण जनाने झाकलेलं मी आणखी झाकू शकलो नाही.

“तो आला तवा किती होत्या?” तिने विचारलं.

“त्या आठवड्यात खोकं होतं. बाराचं.”

“बारा,” गोमतीबाई म्हणाली. तिने बाटली कागदाशिवाय तशीच पदराखाली घेतली, अठरा रुपये मोजून काउंटरवर ठेवले आणि पायरी उतरून गेली. मी तिला थांबवलं नाही.